मुलाखतीत ‘आम्ही’ नको, ‘मी’ हवे

महोदय,

‘सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा तुम्ही काय केलेत?’ या नोकरीच्या मुलाखतीतील प्रश्नाला सोलापुरातील अनेक हुशार मुले ‘मी सगळ्यांना समजून घेतो’ असे उत्तर देतात आणि तिथेच गुण गमावतात. विचारणाऱ्याला स्वभाव नको असतो, घडलेला एक प्रसंग हवा असतो.

उत्तर दोन मिनिटांत बसवावे. परिस्थिती आणि आपली जबाबदारी अर्ध्या मिनिटात, आपण काय केले याला किमान एक मिनिट, शेवटी परिणाम. उदाहरणार्थ, टॉवेलच्या लॉटमध्ये रंगाची छटा जुळली नाही, तर कोणता नमुना ताडून पाहिला, कोणाला कळवले, किती माल बाजूला काढला, हे सांगावे. ‘आम्ही केले’ म्हटले की तुमचा वाटा दिसत नाही. ‘मी असतो तर...’ हे तर उत्तरच नव्हे.

अनुभव नसलेल्यांनी कॉलेजचा प्रकल्प किंवा सोलापूरच्या सिद्धेश्वर (गड्ड्याच्या) यात्रेतील स्वयंसेवा सांगावी. ती कमी दर्जाची मुळीच नाही. पाच-सहा प्रसंग मुद्द्यांत लिहून ठेवावेत, त्यात एक अपयशाचाही असावा. पाठ मात्र करू नयेत. ‘मग तेच का निवडलेत?’ या उपप्रश्नावर पाठांतर कोलमडते.

— एक मुलाखत मार्गदर्शक, सोलापूर