वजनाच्या ऑपरेशननंतरचा ताप नेहमी टायफॉईडच असतो असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले बरेच रुग्ण वजन कमी करण्याचे ऑपरेशन पुणे, हुबळी किंवा बेंगळूरला करून घेतात आणि तीन-चार दिवसांत घरी परततात. पुढे ताप आला की दाखवायचे गल्लीतल्या डॉक्टरांना, आणि तिथे ऑपरेशनचा विषय पुष्कळदा निघतच नाही. कुणाला सांगायला संकोच वाटतो, कुणाला वाटते, त्याला तर चार महिने झाले, त्याचा आता काय संबंध? पावसाळा असला तर विडाल तपासणी होते, आकडा जरा वर दिसला की टायफॉईड ठरतो आणि सलाईन लागते. यात जो आठवडा जातो, तोच पुढे महागात पडतो.

सध्या सर्वाधिक होणाऱ्या 'स्लीव्ह' ऑपरेशनमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात. उरते ती केळ्यासारखी अरुंद नळी आणि तिच्या कडेने स्टेपलरच्या पिनांची लांबलचक शिवण. ही शिवण फुटलीच तर बहुधा वरच्या टोकाला, अन्ननलिकेजवळ फुटते. तिथे रक्तपुरवठा कमी असतो. शिवाय जठराच्या खालच्या तोंडाची झडप शाबूत असल्याने आतला दाब चढा राहतो, आणि नळी मध्ये कुठे आवळली गेली असेल तर तो आणखी वाढतो. गळती पहिल्या दोन-तीन दिवसांत होऊ शकते, तशी घरी गेल्यावर दहाव्या-पंधराव्या दिवशीही. दवाखान्यात रंगीत औषध पाजून केलेली तपासणी चांगली आली होती, एवढ्यावर विसंबून चालत नाही.

जाड पोटात पू झाला तरी हाताला पोट मऊच लागते, म्हणून नाडी मोजावी. स्वस्थ पडून असताना ती मिनिटाला १२०च्या घरात असेल, डावा खांदा दुखत असेल, दम लागत असेल, तर ताप नसला तरी गळती धरूनच चालावे. पॅरासिटामॉलने ताप उतरतो आणि सगळ्यांनाच हायसे वाटते. रक्तदाबासाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर नाडीही फसवते, हे डॉक्टरांनीही ध्यानात ठेवायला हवे. अशा वेळी साधी सोनोग्राफी पुरत नाही, तोंडातून आणि शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन करावा लागतो. त्यातही एकदा गळती दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. पू निघाला तर तो बुरशीसाठीही तपासायला सांगावे. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या महिनोन्महिने चालू असल्याने कँडिडा ही बुरशी त्या पुवात सापडते, आणि नुसत्या अँटिबायोटिकला ती दाद देत नाही.

बारीक गळती काही वेळा न कळता तशीच राहते. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली डाव्या बाजूला पू साठतो, तो पडदा भेदून फुप्फुसापर्यंत वाट काढतो. हे काही महिन्यांनी, क्वचित वर्षानंतरही उघड होते. रुग्ण खोकत येतो, एक्स-रेत डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया दिसतो, औषधाने बसतो, पुन्हा उठतो. आपल्याकडे खोकला, ताप आणि घटलेले वजन म्हटले की टीबीच डोळ्यापुढे येतो. इथे वजन तर ऑपरेशननेच घटवलेले! पाणी प्यायल्याबरोबर ठसका लागतो का, एवढा एक प्रश्न विचारावा. अर्थात याच रुग्णाला खरोखर टीबीही होऊ शकतो, जठराच्या ऑपरेशननंतर दबलेला टीबी उसळण्याचा धोका वाढतो. म्हणून थुंकी तपासावीच, पण तपासणीआधी टीबीच्या गोळ्या सुरू करू नयेत.

प्लीहेतला (स्प्लीनमधला) गळू दुर्मीळ, पण त्याचे कारण सरळ आहे. जठर मोकळे करताना त्याच्या आणि प्लीहेच्या मधल्या बारीक रक्तवाहिन्या कापाव्या लागतात. प्लीहेचे वरचे टोक उपाशी पडले की काही आठवड्यांनी तिथे पू होऊ शकतो.

आता टाक्यांकडे. हे ऑपरेशन दुर्बिणीतून होते, त्या भोकांच्या जखमा भरून आल्यावर तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, व्रणाखाली घट्ट, किंचित जांभळट गाठ येते, फुटते आणि पातळ पू झिरपत राहतो. 'टाका पिकला' म्हणून अँटिबायोटिकचे तीन-तीन कोर्स होतात. दोन दिवसांच्या कल्चरचा, म्हणजे पुवातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट 'वाढ नाही' असाच येतो, कारण हे जंतू क्षयाच्या जंतूचे चुलतभाऊ, साध्या कल्चरमध्ये एवढ्या लवकर उगवत नाहीत. त्यासाठी एएफबी (या कुळातले जंतू रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली शोधण्याची) तपासणी आणि मायकोबॅक्टेरियाचे, म्हणजे याच कुळातल्या जंतूंचे, वेगळे कल्चर मागावे लागते. टीबीच्या नेहमीच्या गोळ्या यांच्यावर सहसा चालत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन यांसारखी औषधे कल्चर पाहून महिनोन्महिने द्यावी लागतात, कधी पोखरलेली वाट कापून काढावी लागते.

हे जंतू पाण्यातले. दुर्बिणीची हत्यारे पोकळ, सांध्यांची, त्यातली काही ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेची, उष्णता न सोसणारी. ती २ टक्के ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात वीस मिनिटे बुडवली तर ते फक्त निर्जंतुकीकरणाच्या आसपास जाणे झाले, पुऱ्या निर्जंतुकीकरणाला ८ ते १० तास लागतात. त्यातही हत्यार सुटे करून आतून ब्रश फिरवला नसेल किंवा शेवटी साध्या नळाच्या पाण्याने धुतले असेल, तर केलेले सगळे पाण्यात. ऑपरेशन ठरवताना खर्चाबरोबर हेही विचारावे. चांगला सर्जन रागावणार नाही.

वजनाच्या ऑपरेशननंतर उलट्या होत असलेल्या रुग्णाला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी बी-१, म्हणजे थायमिनचे इंजेक्शन द्यावे, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. वजनासाठी जठराचा बायपास (जठर छोटे करून थेट आतड्याला जोडणे) झालेल्याला डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत, जोडाजवळ व्रण होऊन तो फुटू शकतो. डिस्चार्ज कार्डाचा फोटो रुग्णाच्या आणि घरच्या आणखी एकाच्या मोबाईलमध्ये ठेवावा. त्यात ऑपरेशनचे नेमके नाव, तारीख आणि सर्जनचा रात्रीही लागणारा नंबर हवा. आणि सीटीसाठी गाडी करण्याआधी मशीनच्या टेबलाला किती किलो पेलते ते फोनवर विचारून घ्यावे.

आपला,
एक शल्यचिकित्सक, टिळकवाडी, बेळगाव