पायांची बाई, नावाविना

मा. संपादक,

जुन्या कार्टूनमधल्या वर्णद्वेषी चित्रणावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. बराचसा पटला. पण ‘टॉम अँड जेरी’मधली कृष्णवर्णीय मोलकरीण टीव्हीवाल्यांनी पुसून टाकली ते उत्तम झालं, हे वाक्य काही घशाखाली उतरेना.

मी पंचवीस वर्षं रेडिओच्या श्रुतिकांमधून कामं केली. बोलण्यात माणदेशी हेल, त्यामुळे निर्माते डोळे झाकून मला कामवाली करायचे. डॉक्टरीणबाई एकदाही वाट्याला आली नाही. साहजिकच नातवंडांबरोबर ते कार्टून बघताना माझे कान आधी त्या बाईकडेच गेले.

१९४० सालच्या पहिल्या कार्टूनपासून ती आहे. तेव्हा टॉमचं नावही जॅस्पर होतं. दिसतात ते तिचे पाय, स्लिपर, एप्रन आणि झाडू. बोका-उंदराच्या उंचीवरून जेवढी दिसेल तेवढीच बाई. तिचं इंग्रजी मुद्दाम अडाणी केलेलं. बोक्याला घराबाहेर घालवीन असा दम देताना ‘आउट’चं स्पेलिंग ती ओ-डब्ल्यू-टी असं सांगते, आणि हशा तिथेच वसूल करायचा. हे लिहिणारे-काढणारे गोरे. यावर लेखकानं कोरडे ओढले ते योग्यच.

पण त्या पायांना आवाज होता लिलियन रँडॉल्फ यांचा. स्वतः कृष्णवर्णीय, आणि अमेरिकन रेडिओवर नाव कमावलेली बाई. त्यांची ‘थॉमस!’ ही हाक एकदा चित्र न बघता ऐका. बाई कुठल्या खोलीतून येतेय आणि किती चिडलीय, दोन्ही कळतं. आम्हाला हे शिकायला वर्षं लागली. पडद्यावर त्यांचं नाव मात्र कधी आलं नाही. पहिल्या कार्टूनवर मालिकेचे जनक हॅना आणि बार्बेरा यांचीही नावं नव्हती म्हणा. पण पुढे ती आली आणि मालिकेला सात ऑस्करही मिळाले. रँडॉल्फबाई १९५२पर्यंत आवाज देत राहिल्या, बिनानावाच्या.

मग १९६०च्या दशकात टीव्हीसाठी कार्टून-दिग्दर्शक चक जोन्स यांच्या मंडळींनी ते पाय गोरे केले आणि जून फोरे यांच्याकडून आयरिश ढंगाचा आवाज भरून घेतला. आयरिश मोलकरीण हीसुद्धा अमेरिकेतल्या विनोदांची जुनीच गिऱ्हाईक. म्हणजे सुधारलं काय?

खरी चुटपुट लागते ती १९५०च्या ‘सॅटर्डे ईव्हिनिंग पुस’ची. त्यात ही बाई नटूनथटून, दागिने घालून पत्त्यांतला ब्रिज खेळायला जाते. मागे बोके धुडगूस घालतात, जेरी तिला फोन करून चहाडी करतो आणि ती तावातावानं घरी धावत सुटते. त्या धावण्यात क्षणभर तिचा चेहरा दिसतो! टीव्हीच्या आवृत्तीत तिच्या जागी एक सडपातळ गोरी पोरगी आली. झाडू खाली ठेवून ती बाहेर पडली ती एक संध्याकाळ, तीच गेली.

स्फोटानंतर टॉमचं तोंड काळं होतं, ओठ जाड होतात, असले विनोद मी लहान मुलांना दाखवणार नाही. पण मूळ चित्रं आधी सूचना देऊन मोठ्यांना दाखवायला काय हरकत आहे? डीव्हीडीवर कंपनीनं तसं केलेलं आहे.

आमच्याकडे श्रुतिका संपली की कलाकारांची नावं वाचत. वेळ कमी पडला की निवेदक ‘आणि इतर’ म्हणून मोकळे होत. कामवाली यादीत शेवटी, त्यामुळे त्या ‘इतरां’त मी हमखास असे. आपल्या लेखात हॅना होते, बार्बेरा होते, जोन्सही होते. लिलियन रँडॉल्फ हे नाव कुठे नव्हतं. तेवढं पुढच्या रविवारी छापावं, ही विनंती.

– एक निवृत्त श्रुतिका-कलाकार, सांगली