आर्वीवालीचे लेकीस पत्र

चि. वैदर्भी हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू जे विचारलेस त्याचे उत्तर तेव्हा देता आले नाही, कारण ओसरीत तुझी आजी बसली होती आणि हा विषय निघाला की तिला तुझ्या बारशाचा वाद जसाच्या तसा आठवतो. म्हणून लिहिते आहे. पुण्यात तुझे नाव ऐकून कोणी ते आडनाव समजते, कोणी वर्तमानपत्र समजते, वसतिगृहातल्या मुली 'व्हीडी' म्हणून मोकळ्या होतात, आणि परवा एकीने 'तुमच्याकडे मुलींना जिल्ह्यांची नावे देतात का' असे विचारले, तेव्हापासून राजपत्रात देऊन 'वेदिका' करून घ्यावे असे तुझ्या मनात आले आहे. रागावलेली नाही. तू एकवीस वर्षांची आहेस आणि नाव तुला वागवायचे आहे. पण बदलण्यापूर्वी ते काय आहे हे तुला नीट ठाऊक असावे, आणि ते सांगायचे माझ्याकडून राहून गेले, एवढे मात्र मान्य करते.

तुझा जन्म मृग नक्षत्राच्या पहिल्या चरणावरचा. पंचांगात या नक्षत्राची अक्षरे वे, वो, का, की अशी आहेत, म्हणून गुरुजींनी 'वे' काढून दिले. घरात वेदिका, वेदांती, वेणू अशी नावे निघाली. मी बी. ए.ला संस्कृत घेतलेली, नुकतीच जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलेली. मी 'वैदर्भी' म्हटले आणि सगळे गप्प झाले. तुझी आजी म्हणाली, "अवं, हे तं मुलखाचं नाव झालं. पोरीले मुलखाचं नाव ठेवतेत का कोणी?" बारशाला आत्याने पाळण्यात वाकून तुझ्या कानात ते 'वैदरबी' असे सांगितले, घुगऱ्या वाटल्या गेल्या आणि वाद तात्पुरता मिटला.

आता गंमत पाहा. मुलखाचे नाव म्हणून नाक मुरडणाऱ्या आजीचे स्वतःचे नाव कौसल्या आहे. कौसल्या म्हणजे कोसल देशाची. कैकेयी म्हणजे केकयांची, गांधारी गांधारची, माद्री मद्र देशाची, पांचाली पांचालांची, मैथिली मिथिलेची. राजवाड्यात आलेल्या सुनेला तिच्या माहेरच्या नावाने ओळखण्याची ही पद्धत होती आणि संस्कृतात तिचा नियमही साधा आहे: देशाच्या नावातल्या पहिल्या स्वराची वृद्धी होते, 'वि'चे 'वै' होते, आणि शेवटी बहुतेक वेळा स्त्रीलिंगी 'ई' लागते. विदर्भाची ती वैदर्भी, विदेहाची ती वैदेही. ही दोन नावे सख्ख्या बहिणी आहेत. माझ्या वर्गात दर दोन-तीन वर्षांनी एखादी वैदेही असतेच आणि तिला कोणी जिल्हा विचारत नाही. वैदर्भी मात्र माझ्या सगळ्या नोकरीत हजेरीपटावर एकदाच आली, तीही बदलीवर आलेल्या एका पोलिसाची मुलगी, वर्षभरात गेली.

असे का व्हावे याचा मी बराच विचार केला आहे. एक कारण उघड आहे, वैदेही म्हटले की सीता आठवते. दुसरे कारण मला जास्त खरे वाटते. विदेह आज नकाशावर त्या नावाने उरलेला नाही, त्यामुळे वैदेही हे निव्वळ नाव झाले, त्यातला गाव गळून पडला. विदर्भ मात्र अजून जिताजागता आहे. अनुशेष, सिंचन, कापसाचा भाव, शेतकऱ्यांच्या आत्महत्या, वेगळे राज्य, हे सगळे त्या शब्दाला चिकटलेले आहे. तुझे नाव उच्चारले की ऐकणाऱ्याच्या मनात आधी बातमी येते, मुलगी नंतर. शिवाय त्यात रफार आहे आणि 'भ' आहे. अलीकडे अन्वी, स्वरा, काव्या अशी दोन अक्षरांची नावे लोकांना आवडतात. एका दूरच्या नातेवाईक बाईंना तर तुझ्या नावात वैधव्य ऐकू आले होते, आणि एका कार्यालयात तुझ्या दाखल्यावर खरोखरच 'वैधर्भी' असे उतरले, जे दुरुस्त करायला तुझ्या बाबांना तीन खेपा पडल्या. आपल्याकडे जन्माची नोंद 1969च्या कायद्याप्रमाणे एकवीस दिवसांत करतात, पण नाव वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येते आणि पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. त्या सवलतीचा फायदा घेऊन घरातले अकरा महिने माझे मन वळवत राहिले. तेवढे दिवस कागदावर तू बिननावाची होतीस.

वैदर्भी हे नाव कोणाकोणाचे होते तेही सांगते. महाभारतात दमयंतीला आणि भागवतात रुक्मिणीला ठिकठिकाणी वैदर्भी म्हटले आहे. महाभारतातल्या सगर राजाच्या दोन राण्या तर वैदर्भी आणि शैब्या एवढ्याच नावांनी येतात, दोघीही माहेरावरून. अगस्त्यांची लोपामुद्रा विदर्भाची, रघुवंशातल्या अज राजाची इंदुमती विदर्भाची. आपल्या तिवसा तालुक्यातल्या कौंडण्यपुराला, जिथे तू लहानपणी वर्धा नदीच्या वाळूत चप्पल हरवली होतीस, या सगळ्यांचे माहेर म्हणतात आणि आषाढीला रुक्मिणीची पालखी तिथून पंढरपूरला जाते. नळाने वनात दमयंतीला सोडण्यापूर्वीचा प्रसंग मला फार आवडतो. तो तिला पुन्हा पुन्हा विदर्भाकडे जाणारी वाट दाखवतो, आणि ती ओळखते की हा आपल्याला माहेरी धाडून मोकळा होऊ पाहतो आहे; ती म्हणते, जायचेच असेल तर दोघे जाऊ.

याखेरीज वैदर्भी हे काव्याच्या एका रीतीचे, म्हणजे शैलीचेही नाव आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने या रीतीचे, त्याच्या शब्दांत मार्गाचे, दहा गुण सांगितले, त्यांत प्रसाद, माधुर्य आणि अर्थव्यक्ती आहेत. काश्मीरच्या वामनाने वैदर्भी, गौडी आणि पांचाली अशा तीन रीती मानल्या आणि सर्व गुण असलेली ती वैदर्भी असे म्हटले. थोडे समास, मऊ अक्षरे, अर्थ चटकन कळणारा. बारशाच्या वेळी मला हाच अर्थ अभिप्रेत होता आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. आपल्या 'करून राहिली'ला हसणाऱ्यांच्या तोंडावर ही रीत फेकू नकोस. त्या रीतीचा आपल्या वऱ्हाडीशी काही संबंध नाही. विदर्भ म्हणजे दर्भ नसलेली भूमी ही व्युत्पत्तीही सांगतात. धुऱ्यावरचे कुंदा गवत खणून कंबर धरलेल्या तुझ्या बाबांना मी ती एकदा सांगितली, तेव्हा त्यांनी नुसते माझ्याकडे पाहिले.

पण हे सारे पुस्तकातले झाले. नावाचा खरा अर्थ मला फार नंतर, आपल्याच अंगणात कळला. तू पाच-सहा वर्षांची असशील. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून हाक मारली, "ओ आर्वीवाले, विरजण हाये का वं?" मी वाटी घेऊन गेले, आणि परत येताना तू विचारलेस, "आई, तुझं नाव आर्वीवाली आहे का?" आर्वीहून लग्न होऊन नदीच्या या काठाला आले त्या दिवसापासून मी या गावात आर्वीवाली आहे. शाळेत मॅडम, घरात सूनबाई, गल्लीत आर्वीवाली. समोरची मोर्शीवाली, पलीकडची चांदूरवाली. तुझ्या प्रश्नाने मी वाटी हातात धरून उभीच राहिले. दमयंती म्हणजे निषध देशात गेलेली विदर्भवाली, रुक्मिणी म्हणजे द्वारकेची विदर्भवाली. आणि जो शब्द मी मोठ्या डौलाने शोधून काढला होता, तो माझ्याच हाकेचे संस्कृत होता. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात विदर्भाची दोन राज्ये होतात तेव्हा मध्ये सीमा म्हणून वरदा येते, तीच आपली वर्धा, आणि तिच्या एका काठावरची बाई दुसऱ्या काठावर आली की तिचे पाळण्यातले नाव गळून पडते.

यात माया आहे, कारण कोणी तरी तुझे माहेर रोज आठवते. यात अन्यायही आहे, आणि मी तो मानते. गावातल्या कितीतरी बायांचे खरे नाव मला मतदार यादीचे काम आले तेव्हाच कळले. आर्वीला गेले तर तिथे तरी माझे नाव असेल असे वाटते, पण भावाची मुले मला 'तिवशाची आत्या' म्हणतात. बाई जिथे नसते त्या गावाचे नाव तिला लागते.

म्हणूनच तुझ्या नावाविषयीची माझी समजूत अशी झाली आहे की विदर्भात राहून वैदर्भी असण्याला काही अर्थ नव्हता. इथल्या सगळ्याच जणी वैदर्भी आहेत, कोणी कोणाला तसे म्हणण्याचे कारणच नाही. तू चौथीत, आठवीत, बारावीत होतीस तोवर ते एक अवघड जोडाक्षर होते. पुण्याला गाडीतून उतरलीस तेव्हा ते पहिल्यांदा नाव झाले, आणि नेमके तेव्हाच ते तुला टोचू लागले. फरक एवढाच आहे की दमयंतीला ते सासरने दिले आणि मला गल्लीने. तुला ते तुझ्या आईने दिले, तू कुठे जाणार, कोणाकडे जाणार, हे काहीही ठरलेले नसताना.

तरी वेदिका करायचेच असेल तर कर. प्रतिज्ञापत्र आणि राजपत्राचा खर्च बाबा देतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. नंतर आधार, बँक आणि विद्यापीठ अशा सगळ्या ठिकाणी तुलाच फिरावे लागेल, ते परीक्षेच्या दिवसांत काढू नकोस. सोबत जन्मदाखल्याच्या दोन प्रती आहेत. 'वैधर्भी' असलेली चुकीची आहे, ती फक्त तुला पाहायला पाठवली. अर्जाला दुसरी जोडावी. आजीला यातले काही सांगितलेले नाही. ती हल्ली तुला 'वैदू' म्हणते आणि गल्लीत कोणी 'वेदिका' म्हटले तर त्याला सुधारते.

तुझी आई
(आर्वीवाली)