‘मले-तुले’ लावून वऱ्हाडी होत नाही

मा. संपादक,

मालिकांत विदर्भातला शेतकरी दिसतो खरा, पण त्याचे संवाद म्हणजे पुणेरी वाक्याला चिकटवलेलं ‘मले-तुले’. ‘तो जात हाये’ असं वऱ्हाडात कोण बोलतं? ‘जाऊन राह्यला’ म्हणतात. ‘जावं लागतं’ नाही, ‘जा लागते’. क्रियापद चुकलं की प्रत्येक ‘ळ’चा ‘य’ करूनही वाक्य परकंच राहतं. ते जमलं, तर ‘काया’, ‘डोया’ म्हाताऱ्याच्या तोंडी पुरेत. कॉलेजातल्या पोरीला सरसकट नकोत. ‘बे’ ही हाक बरोबरीच्यांत चालते, बापापुढे नाही. भंडारा-गडचिरोलीची झाडीबोली तर निराळीच, तिथे ‘ळ’चा ‘र’ होतो. म्हणून पात्राचा तालुका आधी ठरवावा.

बोलीपेक्षा मोठा घोळ माहिती कोंबण्याचा. ‘तुले तं माहीतच हाये, सोयाबीन बुडालं, सोसायटीचं कर्ज थकलं,’ असं नवरा बायकोला सांगतो. तिला माहीत आहे, मग सांगतो कोणाला? हेच असं लिहिता येतं:

‘सोसायटीत गेल्ते काय?’
‘पऱ्हाटीले पानी द्या लागते आज.’
‘अन् नवंजुनं?’
‘लाईन राती बाराले येते.’

(सोसायटी म्हणजे गावची कर्ज देणारी संस्था, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, नवंजुनं म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं उचलणं, लाईन म्हणजे वीज.) बायकोच्या प्रश्नावर नवऱ्यानं दोनदा विषय बदलला, त्यातच कर्ज थकल्याचं कळलं. ‘कर्ज’ हा शब्दही लागला नाही.

लिहिण्याआधी सीनमध्ये कोणाला काय हवंय आणि कोण काय लपवतंय, हे साध्या मराठीत दोन ओळींत मांडावं. संवाद झाले की पहिल्या दोन अन् शेवटच्या दोन ओळी झाकून वाचावं; बहुतेक वेळा सीन तरीही उभा राहतो, मग त्या काढाव्यात. वाक्यागणिक नावानं मारलेल्या हाकाही काढाव्यात. पटकथेचं एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट चालतं, म्हणजे वेळ थोडाच; भांडणात तर दहा शब्दांपलीकडचं वाक्य जड होतं. शेवटी त्याच भागातल्या दोघांकडून मोठ्यानं वाचून घ्यावं. जीभ अडखळेल तिथे शब्द बदलायचा, नटाला बोल लावायचा नाही.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवरून येणाऱ्या लेखकांची अडचण उलटी. रात्रभराच्या नाटकात वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं, म्हणून ते ठसठशीत अन् पूर्ण असतं. क्लोजअपमध्ये निम्मं काम डोळे करतात. तेवढं वाक्य कापावं.

बोलीचा जाणकार बोलावलाच, तर तो सेटवर उच्चार सुधारायला. तोवर वाक्य पक्कं झालेलं असतं. निर्मात्यांनी त्याला लेखकाशेजारी बसवावं, आणि मानधनही द्यावं.

– एक संवादलेखक, दारव्हा, जि. यवतमाळ