फायलींची नावे बदलायला शिकवणाऱ्या सरांना अनावृत आभारपत्र

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

स्कॅन केलेल्या दस्तऐवजांना एकसारखी नावे देण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी तुमच्याकडे फक्त एक तयार कमांड मागितली होती. ती हातावर ठेवण्याआधी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, नेमके काय घडते हे तुम्ही सविस्तर समजावून सांगितलेत, त्याबद्दल हे जाहीर आभार.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रेन’ या नाव बदलण्याच्या कमांडला तारांकन (*, म्हणजे ‘कोणतेही नाव’) दिले की सगळ्या फायलींचे एक्स्टेन्शन एका फटक्यात बदलते, लिनक्सवरच्या ‘एमव्ही’ या फायली हलवण्याच्या वा त्यांचे नाव बदलण्याच्या कमांडकडूनही आपण तीच अपेक्षा धरतो. प्रत्यक्षात ‘एमव्ही’पर्यंत तारांकन सहसा पोहोचतच नाही, शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, ते आधीच उलगडून त्याजागी जुळणाऱ्या फायलींची नावे मांडते, हे तुम्ही त्याच कमांडच्या आधी ‘एको’ (दिलेला मजकूर फक्त पडद्यावर दाखवणारी कमांड) लिहून दाखवलेत. फोल्डरमध्ये ‘जेपीईजी’ एक्स्टेन्शनची एक आणि ‘जेपीजी’ची एक अशा दोनच फायली असतील, तर पहिली दुसरीच्या जागी जाऊन बसते, दुसरीतला मजकूर कायमचा जातो आणि पडद्यावर सहसा चकार शब्द उमटत नाही. हे उदाहरण पाहिल्यापासून मी ‘एको’शिवाय एकही लूप (प्रत्येक फाइलवर तीच कमांड पुन्हा चालवणारी रचना) चालवलेला नाही.

त्या लूपमधला प्रत्येक बारकावा तुम्ही कारणासह सांगितलात: नावात मोकळी जागा असली तर एका नावाचे दोन तुकडे पडू नयेत म्हणून फाइलचे नाव धरून ठेवणाऱ्या व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हे, वजाच्या चिन्हाने सुरू होणारे नाव पर्याय समजले जाऊ नये म्हणून आधी दोन डॅश, आणि असलेली फाइल पुसली जाऊ नये म्हणून ‘एमव्ही’चा ‘एन’ पर्याय. ‘रीनेम’ या एकाच नावाचे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत, पर्ल भाषेतला रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचा नमुना सांगणारे सूत्र) घेतो आणि युटिल-लिनक्स या साधनसंचातला साधी अक्षरे बदलतो, हेही तुमच्यामुळे कळले. नाहीतर एका मशीनवर चालणारी कमांड दुसऱ्यावर का अडते, याचा उलगडा मला झाला नसता.

क्रमांकांचा भाग मला सर्वांत आवडला. 10 हा 2 च्या आधी लागू नये म्हणून ‘प्रिंटएफ’ने 002, 010 असे तीन अंकी आकडे करायचे, इथवर सोपे होते, पण पुढे तोच 008 गणितासाठी वापरला की बॅश हे शेल त्याला अष्टमान संख्या (जिच्यात 0 ते 7 एवढेच अंक असतात) समजते आणि 8 हा अंक त्यात बसत नाही म्हणून तक्रार करते. हा विक्षिप्तपणा कोणाला सुचला असेल, देव जाणे! आकड्याआधी 10 आणि हॅश (10#, म्हणजे ‘दशमान’) लिहिण्याचा तुमचा उपाय मी स्क्रिप्टमध्ये कायमचा घातला आहे.

नवी नावे ‘सॉर्ट’ने क्रमाने लावून ‘युनिक’ या कमांडच्या ‘डी’ पर्यायाने दुहेरी नावे आधीच हेरण्याची सवयही तुमचीच देणगी. जुन्या आणि नव्या नावांची जोडयादी मी आता प्रत्येक वेळी वेगळ्या फाइलमध्ये साठवतो, म्हणजे गरज पडल्यास तीच उलटी चालवता येते.

आपला कृतज्ञ,
एक सहकारी