कल्पाची बेरीज पुरी करा

मा. संपादक,

कल्प, म्हणजे पुराणांतील ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी, म्हणजे पुराणांनी ते आधीच सांगितले होते, असे पुण्यातील व्याख्यानांतून ऐकू येते. हे चूक आहे. ४३२ कोटी ही कल्पाची पूर्ण लांबी आहे, सरलेला काळ नव्हे. पूजेच्या संकल्पात आपण श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर (एका मनूचा काळ), अठ्ठाविसावे युग (म्हणजे महायुग, कृत ते कली अशा चार युगांचा फेरा), कलीचा प्रथम चरण म्हणतो. त्याप्रमाणे प्रत्येकी ७१ महायुगांची सहा मन्वंतरे, मन्वंतरांच्या सीमेवरचे, प्रत्येकी १७ लाख २८ हजार वर्षांचे सात संधी, २७ महायुगे (एक महायुग ४३ लाख २० हजार वर्षांचे), मग कृत, त्रेता, द्वापर आणि कलीची पाच हजारांवर वर्षे मिळवा. उत्तर सुमारे १९७ कोटी ३० लाख येते. पृथ्वीच्या वयाच्या निम्मेसुद्धा नाही!

विश्वाचे वय, सुमारे १३८० कोटी वर्षे, तर फार दूर राहिले. तो आकडा पार्श्वप्रारणाच्या (विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेल्या, आकाशभर पसरलेल्या मंद प्रारणाच्या) मोजणीतून येतो आणि विश्वाच्या प्रसरणाच्या दरावर अवलंबून असतो. हे प्रारण मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या नोंदींवरून हा दर सुमारे ६७ येतो, सेफीड ताऱ्यांवरून (अंतर मोजायला उपयोगी पडणाऱ्या, तेज नियमित कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांवरून) ७३ (किलोमीटर प्रतिसेकंद, दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांच्या अंतराला). हा वाद अजून मिटलेला नाही आणि शास्त्रज्ञ तो उघडपणे मांडतात. वक्त्यांनीही वरची बेरीज फळ्यावर करून दाखवावी.

– एक खगोलप्रेमी वाचक, पुणे