बंदरावरचा बावटा आणि ॲडमिरल फिट्झरॉय

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘बीगल’ जहाजाविषयी आलेल्या लेखात कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय यांच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्ये आली आहेत. डार्विनला जगप्रवासाला नेणारे हट्टी कप्तान, आणि पुढे हवामानाचे अंदाज चुकले म्हणून आत्महत्या केलेले अधिकारी. यातले पहिले अपुरे आहे आणि दुसरे अन्यायाचे. फिट्झरॉय यांचे खरे काम ‘बीगल’वरून उतरल्यानंतरचे आहे आणि कोकण किनाऱ्यावरच्या प्रत्येक बंदराशी त्याचा संबंध पोहोचतो.

१८०५ साली जन्मलेल्या फिट्झरॉय यांनी १८२४ मध्ये लेफ्टनंटपदाची परीक्षा पैकीच्या पैकी गुण मिळवून दिली. ‘बीगल’चे आधीचे कप्तान स्टोक्स यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतल्यावर १८२८ मध्ये ते जहाज २३ वर्षांच्या फिट्झरॉय यांच्या हाती आले. जानेवारी १८२९ मध्ये, दक्षिण अमेरिकेतील प्लाटा नदीच्या मुखाजवळ, ‘पाम्पेरो’ नावाचा नैर्ऋत्येचा झंझावात जहाजावर कोसळला. हवेचा दाब दाखवणारा बॅरोमीटर त्याआधीच विलक्षण खाली गेला होता, पण शिडे वेळेत उतरवली गेली नाहीत. वरच्या डोलकाठ्या मोडल्या आणि दोन खलाशी समुद्रात गेले. बॅरोमीटरवर आपला तेव्हा पुरेसा विश्वास बसला नव्हता, हे फिट्झरॉय यांनी नंतर स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढची ३६ वर्षे हा माणूस त्या पाऱ्याच्या नळीला विसरला नाही, असे आमचे मत आहे.

१८३१ ते १८३६ या दुसऱ्या सफरीवर त्यांनी २२ क्रोनोमीटर, म्हणजे रेखांश काढण्यासाठीची अचूक घड्याळे, नेले. त्यांतले ६ स्वतःचे होते. प्रत्येक घड्याळ आपल्या लाकडी पेटीत झुलत्या कड्यांवर टांगलेले. पेट्यांच्या खाली आणि चारही बाजूंनी सुमारे तीन इंच लाकडाचा भुसा भरलेला, म्हणजे जहाजाची थरथर आणि धक्के त्यातच जिरावेत. हालचाल सर्वांत कमी जाणवेल अशा जागी, रुंद फळ्यांवर त्या मांडल्या होत्या. किल्ली रोज सकाळी नऊला, एकाच माणसाच्या हातून. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाल्यावर ठिकठिकाणच्या रेखांशांतील वेळेच्या फरकांची बेरीज २४ तासांपेक्षा केवळ ३३ सेकंदांनी जास्त भरली. पाच वर्षांच्या समुद्रवाऱ्यानंतरचा हा हिशेब आहे.

१८३९ मध्ये सफरीचा वृत्तांत निघाला. त्याचा दुसरा खंड फिट्झरॉय यांचा आहे. तिसरा डार्विनचा, आणि लोक तेवढाच वाचतात. मधली खासदारकी आणि न्यूझीलंडचे गव्हर्नरपद (१८४३ ते १८४५) यांत त्यांना यश आले नाही. १८५४ मध्ये ब्रिटनच्या व्यापार मंडळाने हवामान खाते काढले आणि ते त्यांच्याकडे सोपवले. काम होते जहाजांच्या नोंदी गोळा करून तक्ते करण्याचे. इशारे देणे त्यात नव्हते.

ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे मेलबर्नहून लिव्हरपूलला निघालेले जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटले. सुमारे ४५० माणसे गेली. हे वादळ कसे सरकत आले ते फिट्झरॉय यांनी नोंदींवरून नकाशावर उतरवून दाखवले. तारेने बातमी वादळाच्या पुढे धाडता येते, हा त्यांचा मुद्दा मान्य झाला आणि तारयंत्राने जोडलेली केंद्रे उभी राहिली. पहिला वादळ-इशारा ६ फेब्रुवारी १८६१ रोजी गेला, तर ‘टाइम्स’मध्ये पहिला अंदाज १ ऑगस्ट १८६१ रोजी छापून आला.

बंदरावर इशारा देण्याची त्यांची युक्ती नीट पाहण्याजोगी आहे. निशाण वारा पडला की लोंबते, कडेने पाहिले तर दिसत नाही आणि लांबून त्याचा रंग ओळखू येत नाही. म्हणून त्यांनी काळ्या कॅनव्हासचे दोन आकार घेतले, तीन फूट उंचीचा शंकू आणि ढोल. शंकू कुठल्याही बाजूने त्रिकोणच दिसतो, ढोल चौकोनच. शंकूचे टोक वर म्हणजे उत्तरेकडून वादळी वारा, टोक खाली म्हणजे दक्षिणेकडून. नुसता ढोल म्हणजे एकामागून एक विरुद्ध दिशांनी वारे. ढोल आणि शंकू एकत्र म्हणजे मोठा धोका. रात्री त्रिकोणासाठी तीन कंदील, चौकोनासाठी चार.

मग चुकले काय? वादळे अटलांटिकवरून येत आणि आयर्लंडच्या पश्चिमेला एकही केंद्र नव्हते. किनाऱ्यावर पारा उतरू लागेपर्यंत वादळ दाराशी आलेले असे. शिवाय सांगितलेले वादळ आले नाही की एक दिवसाची मासळी बुडाल्याची तक्रार होई. प्रकृती, कर्ज आणि टीका यांनी खचलेल्या फिट्झरॉय यांनी ३० एप्रिल १८६५ रोजी जीवन संपवले. त्यांच्यानंतर नेमलेल्या समितीच्या अहवालावरून १८६६ मध्ये अंदाज आणि इशारे दोन्ही बंद झाले. वादळाचे इशारे मात्र १८६७ मध्येच पुन्हा सुरू करावे लागले, कारण किनाऱ्यावरच्या लोकांना ते हवे होते. अंदाज चुकले म्हणून माणूस संपला, एवढेच सांगणाऱ्यांनी हेही सांगायला हवे.

त्यांचे ‘वेदर बुक’ (१८६३) आणि त्याआधीची बॅरोमीटरची पुस्तिका आजही उपयोगी आहे, पण जपून वापरावी. पट्टीवर कोरलेल्या ‘पाऊस’, ‘स्वच्छ’ अशा शब्दांकडे न पाहता पारा चढतो की उतरतो आणि किती वेगाने, हे पाहा, असा त्यांचा आग्रह होता. तो योग्यच आहे. आपल्याकडे त्यात एक भर घालावी लागते. उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो जास्त असतो, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास कमी, आणि फरक साधारण २ ते ३ हेक्टोपास्कलचा. सकाळी दहाचा आकडा दुपारी चारशी ताडून पाहणाऱ्याला रोजच वादळ दिसेल. आजचे चार कालच्या चारशीच ताडावेत.

भारतीय बंदरांवरच्या इशाऱ्यांतही दिवसा शंकू आणि ढोलासारखे नळकांडे, रात्री लाल-पांढरे दिवे अशीच रीत आहे. म्हणून एक विनंती. ‘बंदरात तीन नंबरचा बावटा’ अशी बातमी देताना त्याचा अर्थही छापावा. १ व २ म्हणजे वादळ दूर समुद्रात. ३ व ४ म्हणजे बंदरालाच वादळी हवामानाचा इशारा. ५ ते ७ धोका, ८ ते १० महाधोका. त्यांतही ५ व ८ म्हणजे वादळ बंदराला आपल्या मार्गाच्या डावीकडे ठेवून जाणार, ६ व ९ उजवीकडे ठेवून, ७ व १० बंदरावरून किंवा अगदी जवळून. ११ म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला आहे. चार ओळींची चौकट पुरेल, आणि ती मेअखेरीस व ऑक्टोबरमध्ये तरी नेमाने यावी.

आपले,
नौकानयन शिकवणारे काही शिक्षक, रत्नागिरी